क्रिएटिनिन 1.4 आलं, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय 58. बीपीसाठी काही वर्षांपासून टेल्मिसार्टन चालू, मधुमेह नाही. गुडघा दुखत होता म्हणून आठ-दहा दिवस डायक्लोफेनॅक घेतलं. वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन 1.4, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) 58, युरिया 46, पोटॅशियम 5.6 आणि युरिक ॲसिड 7.4 आलं. रिपोर्टमध्ये हे सगळे आकडे ठळक छापलेले. गेल्या वर्षी क्रिएटिनिन 1.2 होतं. त्यांना त्रास काहीच नाही. किडनी खराब झाली का, पुढे डायलिसिस लागेल का आणि पाणी किती प्यायला द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी निकडीचं सांगतो. डायक्लोफेनॅक आजच बंद करा. बीपीची गोळी ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांना आजच गाठा आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन एक-दोन दिवसांत पुन्हा करून घ्या. टेल्मिसार्टनमुळेही पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा ती तशीच चालू ठेवायची, डोस कमी करायचा की काही दिवस थांबवायची, हे त्यांनाच ठरवू द्या. मनाने बंद करू नका. या दरम्यान छातीत धडधडलं, हातापायांतली ताकद एकदम गेल्यासारखी वाटली, धाप लागली किंवा लघवी अगदीच कमी झाली, तर फोनाफोनी करत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

आता सावकाशीने बोलू. मूत्रपिंडाचे रुग्ण पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि माझ्या टेबलावर येणारा सर्वांत नेहमीचा कागद असाच असतो: चार आकडे ठळक, घरातले घाबरलेले आणि ज्याचा रिपोर्ट तो मात्र ठणठणीत. माझं म्हणणं एवढंच की एका दिवसाच्या रक्तावरून किडनीचं निदान होत नाही. त्यासाठी जुने आकडे लागतात आणि लघवीची तपासणी लागते. तुमच्याकडे जुना आकडा एकच आहे आणि लघवीचा रिपोर्ट तर नाहीच.

ठळक अक्षरांचा धसका घेण्याआधी ती अक्षरं कशी ठरतात ते पाहा. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा म्हणजे निरोगी माणसांच्या मोठ्या गटातल्या मधल्या 95 टक्क्यांचे आकडे ज्यात बसतात तो पट्टा. म्हणजे धडधाकट माणसांतले 5 टक्के त्या पट्ट्याच्या बाहेर पडणारच, व्याख्येनेच. एका पॅकेजमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्के असते. म्हणून एकटादुकटा, काठावरचा ठळक आकडा मला फारसा हलवत नाही. पण क्रिएटिनिन, युरिया आणि पोटॅशियम हे तिन्ही एकाच दिशेला सरकलेत, तेही वेदनाशामक चालू असताना, हे मात्र मी गंभीरपणे घेतो.

क्रिएटिनिन म्हणजे काय, हे नीट समजलं की अर्धी भीती जाते. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. त्याचा 1 ते 2 टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात उतरतो आणि किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. टाकीत नळाने पाणी येतंय आणि खालच्या भोकातून जातंय असं धरा. पाण्याची पातळी वाढलेली दिसली तर नळ मोठा आहे की भोक तुंबलंय, हे नुसत्या पातळीवरून कळत नाही. पिळदार शरीराच्या व्यायामपटूचं क्रिएटिनिन 1.4 असू शकतं आणि किडनी उत्तम असू शकते. आजारपणाने हडकुळ्या झालेल्या म्हाताऱ्या बाईचं 0.9 असतं, रिपोर्टमध्ये ते साध्या अक्षरात छापलेलं असतं, आणि किडनीचं काम निम्म्याच्या जवळपास आलेलं असू शकतं. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त फसतात, कारण त्यांना कुणी सावधच करत नाही.

तपासणीच्या आदल्या रात्री भरपूर शिजवलेलं मांस खाल्लं, जिमसाठी क्रिएटिनची पावडर घेतली किंवा त्याच दिवशी अंगमेहनतीचा व्यायाम झाला, तरी क्रिएटिनिन थोडं चढतं. काही औषधं किडनीला काहीही न करता फक्त क्रिएटिनिन बाहेर पडण्याची एक वाट अडवतात. ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक आणि सिमेटिडीन ही आम्लपित्ताची जुनी गोळी ही त्याची ठळक उदाहरणं. या औषधांत आकडा वाढतो, पण गाळण्याचं काम तेवढंच राहतं.

लॅबचाही वाटा असतो. मॅक्स याफे या रसायनशास्त्रज्ञाने 1886 मध्ये दाखवलं की अल्कलीतल्या पिक्रिक ॲसिडमध्ये क्रिएटिनिन घातलं की नारिंगी-लाल रंग येतो. त्यावर बेतलेली पद्धत स्वस्त असल्यामुळे आजही पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. अडचण अशी की कीटोन, खूप वाढलेली साखर आणि काही सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिक्ससुद्धा त्यात रंग आणतात किंवा मोजमापात लुडबुड करतात, आणि आकडा फसवा येतो. एन्झायमॅटिक पद्धतीत हा घोळ बराच कमी असतो. म्हणून मी रुग्णांना एकाच लॅबला चिकटून राहा म्हणतो. एकीकडे 1.2 आणि दुसरीकडे 1.3 आलं, तर त्याला वाढ म्हणायचं धाडस मी करणार नाही. एकाच माणसाचं, एकाच लॅबमधलं क्रिएटिनिनसुद्धा दिवसागणिक थोडं खालीवर होतं. एकाच ठिकाणचं 1.2 आणि 1.4 मात्र डोळ्याआड करण्यासारखं नाही. तुमचे दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का, ते बघून घ्या.

आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. क्रिएटिनिन आणि किडनीचं काम यांचं नातं सरळ रेषेचं नाही. 58 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 0.8 वरून 1.6 झालं, तर ईजीएफआर साधारण 103 वरून 50 वर येतो. म्हणजे निम्मं काम गेलं, आणि घरचे म्हणतात, ‘एवढंसंच तर वाढलंय.’ त्याच माणसाचं 4.0 वरून 4.8 झालं तर ईजीएफआर 17 वरून 13 वर येतो, आणि तेव्हा मात्र घरात रडारड होते. वाढ दोन्हीकडे 0.8 चीच. सुरुवातीची छोटी वाढच खरी महागाची असते.

म्हणूनच ईजीएफआर काढतात. किडनी एका मिनिटात किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा तो अंदाज. तो मोजलेला नसतो, क्रिएटिनिन, वय आणि लिंग सूत्रात घालून गणिताने काढलेला असतो. तरुण, निरोगी माणसात तो 100 ते 120 च्या आसपास असतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ 150 ते 180 लिटर गाळणी. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत शोषून घेतं. या गणिताची सूत्रं बदलत आली आहेत: कॉक्रॉफ्ट-गॉल्ट 1976 चं, एमडीआरडी 1999 चं, सीकेडी-ईपीआय 2009 चं आणि त्याची वंशाचा घटक काढून टाकलेली आवृत्ती 2021 ची. लॅबने मध्येच सूत्र बदललं की किडनी जिथल्या तिथे असूनही ईजीएफआर चार-पाच अंकांनी हलतो. दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवाल तेव्हा आधी क्रिएटिनिन जुळवून पाहा, मग ईजीएफआर.

वयाचा प्रभाव किती असतो ते बघा. क्रिएटिनिन 1.1 घेऊ. 2021 च्या सूत्राने 25 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर 95 च्या आसपास येतो. 72 वर्षांच्या स्त्रीचा त्याच 1.1 ला 53. एकाला मी ‘जा, मजा करा’ म्हणेन, दुसरीची लघवी तपासायला पाठवेन. तुमच्या वडिलांचं गेल्या वर्षीचं 1.2 म्हणजे ईजीएफआर साधारण 70. या वर्षीचं 1.4 म्हणजे 58. लॅबचं गणित बरोबर आहे.

हे गणित एका अटीवर चालतं: क्रिएटिनिन स्थिर असायला हवं. एखाद्याच्या दोन्ही किडन्या आज अचानक बंद पडल्या, तरी रक्तातली पातळी चढायला वेळ लागतो. 0.9 चं उद्या 1.9 होईल, लॅब त्यावर ईजीएफआर 40 छापेल, आणि खरं काम त्या क्षणी शून्याजवळ असेल. म्हणून तीव्र आजारात, ऑपरेशननंतर, जुलाब-उलट्यांत ईजीएफआरकडे बघायचंच नाही, क्रिएटिनिन किती वेगाने चढतंय ते बघायचं. 48 तासांत 0.3 ची किंवा आठवड्याभरात दीडपट वाढ, याला आम्ही किडनीवरचा तीव्र आघात धरतो. गरोदरपणातही हे सूत्र लागू नाही. तिथे क्रिएटिनिन उलट खाली उतरतं, 0.4 ते 0.8 च्या आत राहतं, त्यामुळे इतर वेळी साधं वाटणारं 1.0 गरोदर बाईच्या रिपोर्टमध्ये दिसलं की मी खुर्चीत सरसावून बसतो.

आता पोटॅशियम. रिपोर्टमधला सर्वांत तातडीचा आकडा हाच, आणि सर्वांत जास्त वेळा खोटा येणाराही हाच. रक्त काढताना दंडाला पट्टा बांधतात, ‘मूठ आवळा, सोडा, पुन्हा आवळा’ म्हणतात. शीर सापडत नाही, पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच राहतो. मुठीच्या त्या हालचालीने हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि 4.6 चं 5.5 व्हायला तेवढं पुरतं. बारीक सुईतून सिरिंजने जोरात रक्त ओढलं, किंवा नळी हलवली-आपटली, की तांबड्या पेशी फुटतात. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त पोटॅशियम असतं, तेव्हा थोड्या फुटल्या तरी आकडा उडतो. यंत्रात फिरवल्यावर वर येणारा द्रव पिवळसर दिसायला हवा. तो गुलाबी दिसला की नमुना बिघडलाय असं समजायचं. चांगली लॅब रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असा शेरा लिहिते. तुमच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते वाचा. कलेक्शन सेंटरवर नळी तासन्‌तास पडून राहिली, विशेषतः फ्रीजमध्ये, तरी हेच होतं.

पण ‘नमुना बिघडला असेल’ म्हणून सोडून देण्याची सोय इथे नाही, कारण वडिलांच्या बाबतीत पोटॅशियम खरोखर वाढण्याची दोन कारणं समोरच आहेत. टेल्मिसार्टन अल्डोस्टेरोन हे हार्मोन कमी करतं, आणि पोटॅशियम बाहेर टाकायला किडनीला अल्डोस्टेरोन लागतं. डायक्लोफेनॅक त्यात भर घालतं. ते कमी सोडियमचं मीठ वापरत असतील, तर तेही विचारून घ्या. त्यातल्या सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असतं. दुसऱ्यांदा रक्त देताना पट्टा कमीत कमी वेळ ठेवा, मूठ आवळायला लावू नका, असं आधीच सांगा आणि नळी ताबडतोब तपासली जाईल अशा ठिकाणी जा. पुन्हा 5.5 च्या वर आलं तर ईसीजी आणि औषधांत बदल. 6 च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर. 6.5 असेल तर ती इमर्जन्सीच, रुग्णाला काहीही होत नसलं तरी, कारण इथे पहिलं लक्षण हृदय थांबणं हेसुद्धा असू शकतं.

डायक्लोफेनॅक आणि टेल्मिसार्टन या जोडीचं जरा फोड करून सांगायला हवं, कारण घरोघरी हेच घडतं. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला एक आत येणारी आणि एक बाहेर जाणारी रक्तवाहिनी असते. आतली वाहिनी मोकळी राहावी म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वापरतं, बाहेरची आवळून गाळणीतला दाब टिकवायला अँजिओटेन्सिन हे हार्मोन वापरतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत, म्हणजे येणारी वाहिनी आक्रसते. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या अँजिओटेन्सिनला अडवतात, म्हणजे जाणारी सैल पडते. दोन्ही एकदम झालं की गाळणीतला दाब कोसळतो. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल किंवा जुलाबाने शरीरातलं पाणी कमी झालं असेल, तर धडधाकट किडनीसुद्धा आठवड्यात लंगडते. सुखाची गोष्ट अशी की वेळीच गोळी थांबवली तर बहुतेकदा ती पूर्ववत होते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त संशय याचाच आहे. गुडघ्यासाठी तूर्त पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, शेक आणि व्यायाम.

हे वाचून टेल्मिसार्टनवर राग धरू नका. या गटातल्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तरी आम्ही सहसा ती चालू ठेवतो, कारण गाळणीवरचा दाब कमी करूनच ती किडनी वाचवते, विशेषतः लघवीतून प्रथिनं जात असतील तर. मधुमेहात आणि आता किडनीविकारातही वापरली जाणारी एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधंही सुरुवातीला ईजीएफआर जरासा खाली आणतात आणि पुढची घसरण मंदावतात. आकडा सुधारणं आणि किडनी सुधारणं या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. याच कारणासाठी ‘महिन्यात क्रिएटिनिन खाली आणून दाखवतो’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळून राहा. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि वनौषधी किडनीला निरुपद्रवी असतात हा समज तर फारच महागात पडतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या वनौषधींमुळे अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यात ॲरिस्टोलोकिया या वनस्पतीचं विष निघालं.

युरिया आणि युरिक ॲसिडवर फार वेळ घालवत नाही. युरिया 46 म्हणजे किंचित वाढलेला. तो पाणी कमी पडलं, प्रथिनं जास्त खाल्ली, स्टेरॉइड चालू असलं किंवा पोटात रक्तस्राव झाला तरी वाढतो, म्हणून एकट्या युरियावर मी काही ठरवत नाही. फक्त एक खबरदारी: काही लॅब युरिया देतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया मिळतो. गेल्या वर्षीचा बीयूएन 20 आणि यंदाचा युरिया 46 शेजारी ठेवून ‘दुप्पट झाला’ म्हणत आलेले लोक मी पाहिलेत. 20 चा युरिया 43 होतो. युरिक ॲसिड 7.4 ला त्यामुळे येणारा संधिवाताचा झटका (गाउट) किंवा खडा नसेल तर गोळी लागत नाही. गाळणी मंदावली की तेही थोडं साचतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये नसलेली, पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, एसीआर. गाळणी शाबूत असेल तर अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन लघवीत जवळजवळ उतरतच नाही. 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, 30 ते 300 म्हणजे गाळणी झिरपू लागली, 300 च्या वर म्हणजे चांगलीच गळते. एकाचा ईजीएफआर 55 आणि एसीआर 8, दुसऱ्याचा ईजीएफआर 85 आणि एसीआर 600, तर मला काळजी दुसऱ्याची वाटते. पहिला बहुधा आयुष्यभर तिथेच रेंगाळेल. दुसऱ्याचं रक्त आज चांगलं दिसतंय, पण किडनी खाली निघाली आहे. साध्या लघवी तपासणीतली रंगीत पट्टी सुरुवातीची गळती चुकवते, विशेषतः लघवी पातळ असेल तर, म्हणून एसीआर वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. सकाळची पहिली लघवी उत्तम. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर ते आटोपल्यावर करा. वाढलेलं आलं तर तीन महिन्यांत आणखी दोनदा करून तीनपैकी दोन वेळा वाढलेलं असेल तरच ते खरं धरतात. सोबत साध्या तपासणीत तांबड्या पेशी आहेत का तेही दिसेल. रक्तपेशी आणि अल्ब्युमिन दोन्ही निघालं तर वाट बघत बसायचं नसतं.

सोनोग्राफीही एकदा करून घ्या. 58 व्या वर्षी पुरुषाचं क्रिएटिनिन वाढलं की प्रोस्टेट विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. रात्री तीन-चारदा उठावं लागतं का, धार बारीक झाली आहे का, लघवी झाल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटते का? मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तर दाब मागे किडनीपर्यंत जातो, आणि हे कारण दुरुस्त होण्यासारखं असतं. किडनीची लांबी साधारण 9 ते 12 सेंटीमीटर. दोन्ही लहान आणि आक्रसलेल्या दिसल्या तर दुखणं जुनं. आकार व्यवस्थित असला तर आशा जास्त, मात्र मधुमेहात जुन्या आजारातही किडनी मोठीच दिसू शकते. ‘इकोजेनिसिटी (सोनोग्राफीतला उजळपणा) किंचित वाढलेली’ एवढ्या एका ओळीवरून झोप उडवून घेऊ नका.

दीर्घकालीन किडनीविकार म्हणायला दोष तीन महिने टिकावा लागतो. ईजीएफआर 60 च्या खाली तीन महिने, किंवा ईजीएफआर चांगला असूनही लघवीत अल्ब्युमिन वगैरे दोष तीन महिने. 60 ते 89 ला कागदावर ‘दुसरा टप्पा’ म्हणतात, पण लघवी स्वच्छ आणि सोनोग्राफी ठीक असेल तर त्या माणसाला किडनीविकार नाही. 45 ते 59 च्या पट्ट्यात येऊन लघवी स्वच्छ असेल, तर सिस्टाटिन सी ही रक्ततपासणी करून घेण्यात अर्थ आहे. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा घोळ उरत नाही. थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइड आणि धूम्रपान मात्र त्याला हलवतात.

पाण्याचं विचारलंत. तहान लागेल तेवढं, लघवी फिकट पिवळी राहील इतपत. वडिलांना घाम, जुलाब, ताप काही झालं असेल तर भरून काढा. पण चार-पाच लिटर पाजून किडनी धुतली जात नाही. किडनीविकाराच्या रुग्णांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावून कॅनडात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले: किडनीची घसरण त्याने मंदावली नाही. मुतखडा होणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना जास्त पाणी खरंच लागतं. पायांवर सूज असलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसाला मात्र जास्त पाणी अपाय करतं.

त्रास नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. किडनी फार उशिरा बोलते. मळमळ, खाज, भूक मरणं हे बहुतेकदा ईजीएफआर 15-20 च्या खाली गेल्यावर येतं. उलट कंबर दुखली की लोक किडनीचं दुखणं समजून येतात, आणि ते बहुतेकदा पाठीचंच निघतं.

डायलिसिसचं: ईजीएफआर 58 हा आकडा डायलिसिसच्या जवळपासही नाही. तो विचार ईजीएफआर 10 च्या आगेमागे आल्यावर होतो, आणि तेव्हाही आकड्यापेक्षा लक्षणं पाहून. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या 2010 च्या चाचणीत ईजीएफआर 10 ते 14 असताना लवकर डायलिसिस सुरू केलेले रुग्ण, आणि लक्षणं येईपर्यंत किंवा 5 ते 7 पर्यंत थांबलेले रुग्ण, यांच्या आयुर्मानात फरक पडला नाही.

पुढचं असं करा. पोटॅशियम एक-दोन दिवसांत, सांगितलंच आहे. त्याच वेळी क्रिएटिनिनही होईल. ते 1.7 किंवा वर गेलं असेल तर त्याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीतज्ज्ञ), वाट बघणं नाही. 1.4 च्या आसपास किंवा कमी असेल तर वेदनाशामक बंद करून दोन आठवड्यांनी पुन्हा क्रिएटिनिन, सोबत सकाळच्या लघवीचं एसीआर, साधी लघवी तपासणी, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि सोनोग्राफी. घरी बीपी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. जुन्या फायली उपसा; पाच वर्षांपूर्वी कुठल्या ऑपरेशनआधी, विम्यासाठी किंवा नोकरीसाठी काढलेलं क्रिएटिनिन सापडलं तर ते सोन्याच्या मोलाचं. तेव्हाही 1.3 असेल तर सगळं चित्र निवळतं.

दोन आठवड्यांनी 1.2 वर उतरलं आणि एसीआर 30 च्या आत आलं, तर दोष गोळीचा होता. यापुढे डायक्लोफेनॅकच्या गटातलं काही घ्यायचं नाही, हे त्यांच्या फाइलवर ठळक लिहा आणि वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या करा. 1.4 वरच राहिलं आणि लघवी स्वच्छ असली तर तीन महिन्यांनी पुन्हा, जमल्यास सिस्टाटिन सीसह, आणि बीपी डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत. लघवीत अल्ब्युमिन 300 च्या वर निघालं, किंवा तांबड्या पेशीही सोबत आल्या, तर क्रिएटिनिन कितीही असो, नेफ्रॉलॉजिस्टची वेळ घ्या आणि जाताना गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी, पुडी आणि पावडरचा डबा पिशवीत घालून न्या.